कॅसेट टाकू नका, दोष तिचा नाही

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. माझा लेख वाचून तुम्ही 2004 सालच्या मिनीडीव्ही कॅसेटवरचं गॅदरिंगचं चित्रीकरण डिइंटरलेस केलंत, म्हणजे हलत्या भागांवरच्या आडव्या रेघा सॉफ्टवेअरने काढल्यात. रेघा गेल्या, पण लेझीम तुटक दिसू लागलं. मग स्वतःच सेकंदाला 50 फ्रेमवर करून पाहिलंत, तर पोरं जागच्या जागी थरथरायला लागली. "अर्धवट माहिती देऊन वेळ घालवण्यापेक्षा कॅसेट गेली असं सरळ सांगा," हे तुमचं म्हणणं.

माहिती अर्धवट होती, हे मान्य. 25 फ्रेमवर करा असं मीच लिहिलं होतं आणि ते चुकलं. आपल्याकडचे पाल (PAL) पद्धतीचे कॅमेरे सेकंदाला 25 फ्रेम नोंदवतात, पण प्रत्येक फ्रेममध्ये दोन क्षण असतात. 576 ओळींपैकी एकाआड एक 288 ओळी एका क्षणाच्या, उरलेल्या 288 सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतरच्या. जुना टीव्ही त्या पाठोपाठ दाखवायचा. कॉम्प्युटर एकदम दाखवतो, म्हणून हलत्या हाताला कंगव्यासारखे दात फुटतात. 25 फ्रेमवर काम केलं की दुसरा क्षण वाया जातो, लेझीमचा अर्धा ठेकाच जातो. तेव्हा तुमचे 50च बरोबर. लेख दुरुस्त केला आहे.

मग थरथर का? फील्डचा, म्हणजे एकेका क्षणाच्या त्या 288 ओळींच्या संचांचा, क्रम उलटा लागलाय, आणि त्याबद्दल मी लेखात अक्षरही लिहिलं नव्हतं. तुमच्या कॅसेटवरच्या डीव्ही प्रकारात खालचं फील्ड आधी येतं, एचडीव्ही आणि एव्हीसीएचडी या एचडी प्रकारांत वरचं. सॉफ्टवेअरचा प्रोजेक्ट एचडीचा असेल तर ते बऱ्याचदा 'अपर फर्स्ट', म्हणजे वरचं आधी, धरून चालतं. तयार फाइल एकेक फ्रेम पुढे सरकवून बघा. बहिणीच्या लग्नाच्या कॅसेटवर मला हे दिसलं होतं: अक्षता टाकणारा हात पुढे, मग मागे, पुन्हा पुढे, उडालेल्या अक्षता मुठीकडे परत येत होत्या. 'लोअर फर्स्ट' केलं आणि हात सरळ पुढे गेला.

आणखी एक. आकार बदलायचा असेल तर डिइंटरलेस झाल्यावरच बदला. आधी बदललात तर दोन्ही क्षणांच्या ओळी एकमेकींत मिसळतात आणि मग कुठलाही फिल्टर त्या वेगळ्या करू शकत नाही. तसं झालं असेल तर कॅमेरा फायरवायर केबलने कॉम्प्युटरला जोडून कॅसेट पुन्हा उतरवून घ्या. तासाला साधारण 13 जीबी जागा लागते, पण मूळ फाइल जपण्यासारखी असते.

कॅसेट किंवा ती वाचणारं कॅमेऱ्यातलं हेड खराब असेल तर चित्र वेगळं बिघडतं. चौकोनी तुकडे पडतात, आडव्या पट्ट्या गोठतात, अधूनमधून आवाजही तुटतो, आणि समोर काहीच हलत नसलं तरी हे होतं. तुम्ही लिहिलंय की पोरं रांगेत स्थिर उभी असतात तेव्हा चित्र स्वच्छ आहे. म्हणजे कॅसेट चांगली आहे. वीस वर्षांपूर्वीची ती पोरं पुन्हा तशी नाचणार नाहीत, कृपा करून कॅसेट टाकू नका.

आज फक्त फील्डचा क्रम बदलून लेझीमचा तेवढाच तुकडा काढा आणि काय दिसतं ते इथेच लिहा. तरीही थरथरलं तर तुमच्या प्रोजेक्टची सेटिंग्ज सांगा, आपण दोघं मिळून बघू.