चानी न्हय ती, शेकरो तो!

परवा भाचा गोव्यातल्या मोलेच्या रानात जाऊन आला आणि घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. खाली ओळ: 'ब्लॅक स्क्विरल दिसली!' वाळपईला आजीला फोटो मोठा करून दाखवला. तिने चष्मा सारखा केला नि म्हणाली, "न्हय रे बाबा, चानी न्हय ती. शेकरो तो!"

चानी म्हणजे कोकणीत खार आणि शेकरो म्हणजे शेकरू. 'काळी चानी' असंही ती म्हणाली नाही. तिच्या लेखी ही दोन निराळी जनावरं. चानी परसातली, माडावर चढणारी, पाठीवर रामाच्या बोटांचे पट्टे मिरवणारी. शेकरो रानातला. एकही पट्टा नाही, नाकापासून शेपटाच्या टोकापर्यंत चांगला तीन फूट, जमिनीवर उतरायचं नाव नाही. सेतूच्या कथेत त्याला कुणी घेतलं नाही, त्यामुळे 'खारीचा वाटा'ही त्याच्या वाट्याला आला नाही.

मराठीत तर आणखी गंमत आहे. खार ती, म्हणून खारूताई. शेकरू मात्र ते: लेकरू, वासरू, पाखरू यांच्या पंगतीतलं. देशातल्या सगळ्यात मोठ्या खारींपैकी एक, महाराष्ट्राचा राज्यप्राणी, आणि नाव असं की कडेवर घ्यावं! गोव्यात आलं की त्याचा 'शेकरो' होतो, पुल्लिंगी, ऐसपैस. गाडीचा गाडा, सुरीचा सुरा, तसा. माझं मत विचाराल तर त्या देहाला आमचा ओकारच शोभतो. (पुणेकर मित्रांनी रागावू नये. रागावलात तरी चालेल, पण 'खार खाणे'मधली खार ही नव्हे.)

रंगावरून नाव ठेवलं की काय होतं बघा. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1758 साली अमेरिकेतल्या एका खारीला 'नायजर', म्हणजे लॅटिनमध्ये काळी, असं नाव दिलं. त्याच्यासमोर काळ्या खारीचं वर्णन होतं. प्रत्यक्षात त्या जातीतल्या बहुतेक खारी तांबूस-तपकिरी निघाल्या. नाव तेच राहिलं. आमच्या शेकऱ्याचंही तसंच झालं असतं. भीमाशंकरला त्याची पाठ तांबडी, खाली केरळात गेलं की पाठ-शेपूट बरंचसं काळं. रंग धरला असता तर घाटाघाटाला नाव बदलावं लागलं असतं. मल्याळी लोकांनी रंग सोडून ठिकाण धरलं: मलयण्णान, डोंगरातली खार. शहाणपणाचं. तरी खार आलीच.

परक्या नावांत मला ग्रीक आवडतं. 'स्किया' म्हणजे सावली, 'ऊरा' म्हणजे शेपूट. आपल्याच शेपटीच्या सावलीत बसणारी! इंग्रजीतला स्क्विरल आणि पोर्तुगीज इश्किलु दोन्ही त्याच घरचे. पोर्तुगीजांकडून आपण पाव घेतला, खिडकीला जनेल घेतलं. इश्किलु मात्र आमच्या घरात कुणाच्या तोंडी कधी ऐकला नाही. कशाला लागेल? चानी होती, शेकरो होता.

म्हणून मुलांच्या वहीत 'जायंट स्क्विरल म्हणजे मोठी खार' असं लिहिलेलं दिसलं की मला चीड येते. वाघाला आपण 'मोठं मांजर' लिहून देतो का?

हे सगळं भाच्याला फोनवर ऐकवलं. पोरगं गुणी, लगेच ओळ बदलली. आता फोटोत प्राणी एकच आणि खाली लिहिलंय, 'मोलेला शेकडो दिसला!' फोनलाही शेकरो ठाऊक नाही.