नार्नियातला कांदा-लसणाचा वास

तिकडच्या, म्हणजे भारतातल्या ग्रुपवर अधूनमधून एकच वाद उकरून निघतो. मराठीत मुलांसाठी धड फँटसीच नाही, इंग्रजांकडे बघा कशा दुनिया उभ्या केल्यात, आपण अजून फास्टर फेणेतच अडकलोय, वगैरे. मग कोणीतरी हमखास सांगतं की सी. एस. लुईस या ब्रिटिश लेखकाच्या नार्निया या जादुई देशाच्या गोष्टींचा सात पुस्तकांचा सेट घेऊन द्या पोरांना. मी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये आहे, आणि त्याच सेटमधलं 'द हॉर्स अँड हिज बॉय' आत्ता सुट्टीत लेकीबरोबर वाचून संपवलं (इथल्या लायब्ररीत उन्हाळ्यात सहा पुस्तकं वाचायचं चॅलेंज असतं, त्यातलं हे एक), आणि खरं सांगते, पार हिरमोड झाला.

पुस्तक 1954 चं. शास्ता नावाचा गोरा पोरगा कॅलोर्मेन देशात एका कोळ्याकडे वाढतो, कोळी त्याला विकायला निघतो, म्हणून हा एका बोलत्या घोड्यावर बसून उत्तरेला नार्नियाकडे पळतो. वाटेत अराविस भेटते, ठरलेलं लग्न टाळून पळालेली सरदाराची मुलगी. सुरुवात झकास आहे. ब्री घोड्याचा तोरा भारी, वाळवंटातली तहान वाचून आपलाच घसा कोरडा पडतो. आणि एक कोपरखळी तर मला फारच आवडली, की कॅलोर्मेनमध्ये पोरांना गोष्ट सांगायला शिकवतात, जसं इंग्लंडमध्ये निबंध लिहायला शिकवतात, फरक एवढाच की गोष्टी लोकांना ऐकायच्या असतात.

पण मग राजधानी ताशबान येते. दाढ्या, पागोटी, टोकाला वळलेले जोडे, आणि गर्दीचा वास, त्यात न धुतलेली माणसं, कुत्री, लसूण, कांदा, कचरा सगळं एका ओळीत. लसणाची फोडणी तर आमच्या घरात रोजचीच, लेकीने नुसतं माझ्याकडे बघितलं. पुण्या-नाशकातलं पोरगं हे वाचताना बिनधास्त शास्ताबरोबर पळत सुटेल, त्याला काही टोचणार नाही, कारण आजूबाजूला सगळे त्याच्यासारखेच, त्याला कोण कॅलोर्मेन म्हणणार? इथे मात्र ज्या पोरीच्या डब्याच्या वासाला वर्गात कोणीतरी नाक मुरडलेलं असतं, तिला पुस्तक आपोआप दुसऱ्या बाजूला नेऊन बसवतं. अराविस शूर आहे, शेवटी शास्ताशी लग्न करून राणी होते, हे मान्य, पण त्यासाठी तिला उत्तरेलाच यावं लागतं. (आणि आपण तरी काय मोठे साव, आपल्या चित्रांच्या पुस्तकांत राक्षस कुठल्या रंगाचा असतो ते बघा.)

माझा खरा राग मात्र वेगळ्याच जागी आहे. अराविस पळताना सावत्र आईच्या दासीला गुंगीचं औषध देते, त्यापायी त्या दासीला फटके बसतात. पुढे अस्लान, नार्नियाचा देवासारखा सिंह, अराविसच्या पाठीवर तेवढेच ओरखडे काढतो, का तर दासीला काय वाटलं असेल ते हिला कळावं. अराविस विचारते, माझ्यामुळे तिला आणखी काही त्रास होईल का? तर सिंह म्हणतो, मी तुला तुझी गोष्ट सांगतोय, तिची नाही. म्हणजे फटके खाल्ले तिने, शहाणपण मिळालं हिला, आणि तिला साधं नावही नाही! "अगं पण ती मेली की जगली?" असं लेक दोनदा विचारून झोपली.

इथे 2023 मध्ये रोआल्ड डाल या मुलांच्या लेखकाच्या पुस्तकांतले 'लठ्ठ' वगैरे शब्द प्रकाशकांनी बदलले तेव्हा केवढा गदारोळ झाला, शेवटी जुनी आवृत्तीही विकायला ठेवावी लागली. तिकडेही त्यावर हिरीरीने मतं आली, सगळी एकतर 'साफ करा' नाहीतर 'हात लावू नका'. पण कांदा-लसूण खोडून ती दासी थोडीच सापडणार आहे, ती लेखकालाच दिसली नव्हती. आणि मराठीत फँटसी नाही म्हणून रडणाऱ्यांनी निदान हा सेट स्वतः वाचावा हो, नुसता कपाटात लावू नये.

दादाने भाच्यासाठी विचारलंय. घे म्हटलं. फक्त हल्लीच्या सेटवर या पुस्तकाला कथेच्या काळानुसार 3 नंबर असतो, मुळात ते पाचवं आलं होतं. पाचवं म्हणूनच वाचायला दे, आणि तू बरोबर बस, तो दासीचं विचारणारच.