कॉलेजचा दिवस कॉलेजबाहेर गेला

आजच्या कॉलेजच्या मुलांविषयी आमच्या वयाची माणसे बोलू लागली की गाडी हमखास मोबाइलवर येऊन थांबते. मोबाइलने बरेच काही बदलले हे खरेच. पण महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याचे आयुष्य ज्या बदलाने सर्वाधिक पालटले, तो हातात मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी सुरू झाला होता आणि तो मुलांनी केलेला नाही. विद्यार्थ्याच्या दिवसातून कॉलेजच हळूहळू निघून गेले.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी पुण्यात शिकत होतो, तेव्हा सकाळी कॉलेजात शिरलेला मुलगा दुपार टळेपर्यंत तिथेच असे. सगळे तास तो इमाने करी असे मुळीच नाही. पण तास बुडवूनही तो कट्ट्यावर, रीडिंग हॉलमध्ये, जिमखान्यात नाहीतर तालमीच्या खोलीत, म्हणजे कॉलेजच्या आवारातच सापडे. 1963 पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाचे, म्हणजे आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेचे दिवस जवळ आले की नाटकाशी काडीचाही संबंध नसलेली मुले रात्री उशिरापर्यंत सेट ठोकत बसत. वेगवेगळ्या शाखांची, जातींची, गावांची आणि ऐपतीची मुले एकमेकांना ओळखू लागत, ती अशा रिकाम्या वेळातच.

गरिबी तेव्हाही होतीच. किंबहुना आपल्याकडच्या काही थोर संस्था गरीब विद्यार्थ्याचा दिवस डोळ्यांसमोर ठेवूनच उभ्या राहिल्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले; पुढच्याच वर्षी कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढले आणि 'कमवा आणि शिका' ही पद्धत तिथे महाविद्यालयीन शिक्षणाचा भाग झाली. मुलाला पोटासाठी राबावे लागते हे संस्थेला ठाऊक होते आणि त्यानुसार ती आपले वेळापत्रक आखत होती. आजही मुले राबतातच. पाठीवर चौकोनी पिशवी अडकवून रात्री अकराला जेवण पोहोचवणाऱ्यांत पदवीच्या वर्गातली कितीतरी मुले असतात, पण त्यांच्या कॉलेजला बहुधा त्याचा पत्ताही नसतो. हजेरी कमी भरली की नोटीस मात्र वेळेवर लागते.

हे घडले कसे? 1983 च्या सुमारास, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि जागा वाढल्या. पुढे प्रवेश परीक्षा आल्या, तशी बारावीच्या गुणांची किंमत उतरली आणि क्लासची चढली. 2016 पासून वैद्यकीय प्रवेशासाठी नीट अनिवार्य झाल्यावर तर उरलीसुरली कसरही भरून निघाली. क्लासने कॉलेजशी संधान बांधून मुलांना नावापुरता प्रवेश मिळवून द्यायचा, याला 'इंटिग्रेटेड' असे भारदस्त नाव पडले. तो प्रकार इतका बोकाळला की 2018 मध्ये सरकारला कनिष्ठ महाविद्यालयांतील विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. अंगठा उमटवायला मूल आले म्हणजे ते कॉलेजात आले, असे मानणारा आदेश तो! लातूरमध्ये खोली घेऊन राहणाऱ्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला विचारून पाहा. क्लास, मेस आणि अभ्यासिका यांपलीकडे त्याला शहर माहीत नसते. पदवीनंतर हेच चक्र सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांच्या नावाने पुन्हा फिरते.

दुसरे कारण राजकीय आहे आणि त्याबद्दल आपण फारच कमी बोलतो. 1994 च्या विद्यापीठ कायद्यानंतर महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका बंद झाल्या. त्या निवडणुकांत गुंडगिरी आणि पैसा शिरला होता, हे मी जवळून पाहिले आहे, त्यामुळे बंदीचे कारण मला समजते. मात्र, अठरा वर्षांच्या मुलाला 1989 पासून लोकसभेसाठी मत देता येते आणि आपल्या कॉलेजचा प्रतिनिधी निवडता येत नाही, ही विसंगती आपण इतकी वर्षे निमूट चालवून घेतली. 2016 च्या कायद्याने पुन्हा तरतूद केली, 2019 मध्ये निवडणुका ठरल्याही, आणि त्या पुढे ढकलल्या गेल्या.

तरीही आमचा काळ सोनेरी होता असे म्हणणाऱ्यांत मी नाही. त्या कट्ट्यावर बसायचे ते मुलगेच. मुली शेवटचा तास संपला की घर गाठत, कारण उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी कॉलेजच बंद होण्याची धास्ती असे. आज खेड्यातली मुलगी स्कूटीवरून तालुक्याला येते, परीक्षेचा अर्ज स्वतः भरते, वसतिगृहात राहण्याचा हट्ट धरते. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शुल्कमाफी 2024-25 पासून मिळू लागली, हे मला गेल्या काही वर्षांतले मोलाचे पाऊल वाटते. अडचण एवढीच, की अशी मुलगी हिमतीने कॉलेजपर्यंत पोहोचते, तेव्हा तिथे दुपारी दोननंतर दिवे मालवलेले असतात.

नव्या शैक्षणिक धोरणात इंटर्नशिप आणि क्षेत्रप्रकल्पांना श्रेयांक आहेत, ते चांगलेच आहे. माझी मागणी त्याहून साधी आहे: ग्रंथालय आणि मैदान रात्री आठपर्यंत उघडे ठेवा, कॅन्टीन चालवा, मुलींना सुरक्षितपणे घरी पोहोचता येईल अशी शेवटची एसटी त्या वेळेला जोडा, आणि रात्रपाळी करणाऱ्या मुलाच्या कामाचे तास हजेरी ठरवताना विचारात घ्या. यातल्या बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही; प्राचार्य, संस्थाचालक आणि आगारप्रमुख एकदा एका टेबलाशी बसले तरी पुरे.