कुणबी साडी आणि सेफ्टी पिन

पडद्यावर मूलनिवासींच्या भूमिका मूलनिवासी नटांनीच कराव्यात, हे अलीकडे वाचलेल्या एका लेखातलं म्हणणं पटलं. पण ते अर्धंच झालं. अमेरिकेतली ‘रिझर्व्हेशन डॉग्ज’ (२०२१) ही मालिका खरी वाटते, कारण तिचे लेखक-दिग्दर्शकही मूलनिवासीच आहेत.

आमच्या गोव्याचं बघा. २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव इथेच भरतो, शूटिंगलाही तोटा नाही. तरी पडद्यावरचा गोवा म्हणजे किनारा आणि फेणी ढोसून पडलेला कुणी आंतोन. गावडा, कुणबी, वेळीप या इथल्या मूलनिवासी समाजांना २००३ साली अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला. काणकोण, केपे, सांगे भागात जाऊन बघा, भेटतील. सिनेमात मात्र ते फक्त गाण्यात, हिरोइनच्या मागे, लाल चौकड्यांची साडी नेसून. तीही धड नाही! ते कापड खांद्यावर गाठ मारून, घोट्याच्या बरंच वर नेसतात, चिखलात वाकून भाताची लावणी करायची असते म्हणून. पडद्यावर मात्र पदराला सेफ्टी पिन आणि खाली पायघोळ निऱ्या. सेटवर एखाद्या आजीला विचारलं असतं तरी भागलं असतं.

धालो या बायकांच्या लोकनृत्याचीही तीच गत. पौषातल्या रात्री बायका मांडावर समोरासमोर दोन रांगा करून गातात. मांड ही देवाची जागा. ते भरदुपारी रिसॉर्टच्या लॉनवर कशाला नाचवायचं?

तेव्हा नट घ्याच, पण पटकथा लिहायलाही त्यांच्यातलं कुणी बसवा, रीतसर मानधन देऊन. आणि श्रेयनामावलीत नावानिशी लिहा हो, ‘स्थानिक कलाकार’ म्हणून एका ओळीत गुंडाळू नका.