अनोळखी पब्लिशर

सॉफ्टवेअर फुकट वाटायलाही पैसे लागतात हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. ॲप एवढंसं आहे, जुन्या कृतिदेव फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशिनवर वाचता येईल अशा अक्षरांत, करून देतं, कोड सगळा ओपन सोर्स म्हणजे सगळ्यांना खुला, आणि वापरणारे म्हणजे डीटीपीवाले, वाचनालयवाले, दिवाळी अंकवाले. मला सगळे बाळ्या म्हणतात म्हणून ते 'बाळ्याचं कन्व्हर्टर'. कोड लिहिताना मजा आली, पण इन्स्टॉलर बनवून लोकांच्या मशिनवर चढवणं म्हणजे निव्वळ वैताग.

डिजिटल सही, म्हणजे फाइल कोणी बनवली याचा पुरावा, नसलेला इन्स्टॉलर विंडोजवर उघडला की स्मार्टस्क्रीन नावाचा वॉचमन निळी पाटी घेऊन आडवा येतो. समोर बटण एकच, 'डोन्ट रन'. 'रन एनीवे' पण असतं, फक्त ते 'मोअर इन्फो'वर क्लिक केल्याशिवाय तोंड दाखवत नाही. मग फोन येतो, "बाळ्या, व्हायरस पाठवलास की काय रे?" काका, तिथे बारीक अक्षरात मोअर इन्फो दिसतंय का बघा. "बारीक अक्षर दिसत असतं तर चष्म्यावर एवढे पैसे घातले असते का मी?"

बरं, हा वॉचमन ओळख ठरवतो ती बऱ्याच अंशी किती लोकांनी फाइल उतरवली त्यावरून. म्हणजे लोकांनी बिनधास्त उतरवावी म्हणून ओळख हवी आणि ओळख व्हावी म्हणून लोकांनी उतरवायला हवी. त्यात मी 'ळ'चा एक बग काढला की फाइल बदलली, आणि सही नसेल तर नव्या फाइलची ओळख परत शून्य. शिवाय पायथन भाषेतला कोड पायइन्स्टॉलर नावाच्या हत्याराने बांधून त्याचं ॲप केलंय, तेच हत्यार व्हायरसवाले पण वापरतात, त्यामुळे एखादा अँटीव्हायरस उगाच माझ्या ॲपला उचलून क्वारंटाइनमध्ये टाकतो.

उपाय काय, तर कोड साइनिंग सर्टिफिकेट, म्हणजे ती डिजिटल सही करायचा दाखला. साइनपाथ फाउंडेशन ओपन सोर्सवाल्यांना फुकट साइन करून देतं, पण पब्लिशर म्हणून नाव त्यांचं येतं. मी म्हटलं, एवढी मर मर केली तर आपलं नाव झळकू दे की जरा! मग सुरू झालं मी खरंच आहे हे सिद्ध करणं. आधारवर वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव, पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, लाइट बिल अजून आजोबांच्या नावावर, आणि पत्ता 'मारुती मंदिराच्या मागे'. सर्टिफिकेटवाल्या कंपनीने नम्रपणे विचारलं, ही सगळी माणसं एकच आहेत का?

1 जून 2023 पासून नियम असा की साइनिंगची गुप्त किल्ली साध्या फाइलमध्ये ठेवायची नाही, सुरक्षित हार्डवेअरमध्येच हवी. म्हणजे माझ्या बाबतीत पेनड्राइव्हसारखं यूएसबी टोकन. आता माझा बिल्ड, म्हणजे कोडपासून इन्स्टॉलर बनवायचं काम, आपोआप होतं गिटहब ॲक्शन्सवर, कुठल्यातरी परक्या सर्व्हरवर, त्याला घरातलं टोकन खुपसायचं कुठे? त्यामुळे रात्री लॅपटॉपसमोर बसून पासवर्ड टाकत स्वतः सही करतो. आमचा सीए म्हणाला, एवढं काय, माझ्याकडे डीएससी, म्हणजे कागदपत्रांवरची डिजिटल सही, आहे ती वापर. ती रिटर्न भरायला चालते, बाबा, इथे नाही. हे सर्टिफिकेट पण काय जन्मभर पुरत नाही, 1 मार्च 2026 पासून नवं जास्तीत जास्त 460 दिवसांचं. सही कधी केली त्याचा टाइमस्टँप मारला असेल तर जुनी सही टिकते एवढंच नशीब. आणि गंमत बघा, 2010 मध्ये सापडलेल्या स्टक्सनेट व्हायरसवर रिअलटेक या चिप कंपनीच्या चोरलेल्या सर्टिफिकेटची अस्सल सही होती, तेव्हा कुठल्या वॉचमनने त्याचं लाइट बिल मागितलं?

मॅकचं थोडक्यात सांगतो. वर्षाला 99 डॉलर, वर नोटरायझेशन म्हणून ॲप ॲपलकडे तपासायला पाठवा. मॅकच्या सिक्वोया आवृत्तीपासून राइट क्लिक करून उघडायची पळवाट पण बंद. मी मॅकवाल्यांना सोर्स कोड देतो आणि शुभेच्छा देतो. लिनक्सवाले सही मागत नाहीत, पण त्यांच्याकडे इन्स्टॉलरचे प्रकारच ढीगभर, डेब दिलं की आरपीएम का नाही, आरपीएम दिलं की फ्लॅटपॅक का नाही, आणि ॲपइमेज दिलं की भांडण आपापसात.

असो. शेवटी सही झाली. आता इन्स्टॉल करताना व्हेरिफाइड पब्लिशर म्हणून माझं आधारवरचं अख्खं नाव येतं, इंग्रजीत, आडनावासकट. पहिलाच फोन काकांचा. "बाळ्या, तुझ्या कन्व्हर्टरमध्ये कोणीतरी घुसलंय रे. भलत्याच माणसाचं नाव दाखवतंय. मी लगेच नो दाबलं."