आधी हेडफोन तर सांगा!

कमी बजेटमध्ये, लोकलमध्ये घालता येईल असा क्लोज्ड-बॅक (मागून बंद कपांचा) हेडफोन कोणता घेऊ, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "अँप (आवाज वाढवणारा अँप्लिफायर) घेतलास का?" अरे, आधी हेडफोन तर सांगा! प्रवासात वापरायचे बरेचसे हेडफोन इम्पिडन्सने (विजेला होणाऱ्या अडथळ्याने) ३२-४० ओहमच्या आसपास असतात, आणि फोनला साधा डाँगल (हेडफोनची पिन जोडायचा छोटा अडॅप्टर) लावला तरी भरपूर मोठ्याने वाजतात. अँप खरा लागतो तो बायरडायनॅमिकच्या डीटी ७७० प्रोच्या २५० ओहमवाल्या मॉडेलसारख्याला. तोच हेडफोन ३२ आणि ८० ओहममध्येही निघालाय, हे मात्र कुणी सांगत नाही.

बरं, नुसते ओहम बघून भागतं का? सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक सिग्नलला किती मोठा आवाज येतो ते, बघावी लागते. ती एक कंपनी मिलिवॅटला देते, दुसरी व्होल्टला, आणि खोक्यावर कित्येकदा नुसतंच 'डेसिबल'. ३२ ओहमला या दोन आकड्यांत जवळजवळ १५ डेसिबलचा फरक पडतो. माणसाने तुलना करायची कशी? स्वस्त अँपचा आउटपुट इम्पिडन्स (त्याचा स्वतःचा अडथळा) तर शोधूनही सापडत नाही.

सगळ्यात संताप येतो तो दुकानात. सीलबंद खोकं, कानाला लावून बघायचं नाही! क्लोज्ड-बॅकचा कप कानाभोवती घट्ट बसला नाही तर बास गायब होतो. चष्मा असेल तर काडीपाशी फट राहतेच. हे आकड्यांवरून कसं कळणार? एक तरी डेमो पीस बाहेर ठेवा ना!