नाव वाचायच्या आत पट्टी सरकली

आज सकाळी सासूबाईंना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले होते. त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकून बाहेर बसवलं होतं, अर्धा तास तरी जाणार होता. समोर भिंतीवर टीव्ही. आवाज बंद, बातम्या चालू. पडद्यावर एक क्रिकेटपटू विमानतळातून बाहेर येतोय, गाडीत बसतोय. पुन्हा बाहेर येतोय, पुन्हा गाडीत बसतोय. त्याने केस नवीन कापलेत म्हणून डोक्याभोवती लाल गोल काढलेला. मी घड्याळ बघितलं, अकरा मिनिटं हेच चाललं होतं.

आणि तेवढ्यात खालच्या पट्टीवर एक ओळ आली. "नाशिकच्या कन्येला ५ हजार मीटरमध्ये रौप्य..." मी खुर्चीत सरळ बसले. आता नाव येणार. आणि पडदा आकसला, खालून प्लायवूडची जाहिरात वर आली, पट्टी तिच्याखाली गेली. जाहिरात हटली तेव्हा सोन्याचा भाव सुरू झाला होता.

वीस मिनिटं त्या पट्टीकडे बघत बसले. सोनं, चांदी, कुठलासा अपघात, मंत्र्यांचा दौरा, परत सोनं. ती ओळ काही परत आली नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, एवढं काय बघतेस?" काय सांगणार त्यांना? आपल्या गावची एक मुलगी साडेबारा फेऱ्या धावली, दुसरी आली, आणि तिचं नाव मला वाचता आलं नाही?

घरी येऊन मोबाईलवर शोधलं. सगळीकडे तेच केस.

तेव्हापासून डोकं तापलंय. कुकर लावला, कपडे वाळत घातले, तरी जात नाहीये. म्हणून लिहायला बसले.

माझ्या यादीतल्या जुन्या लोकांना माहीत आहे, माझे वडील, नाना, एसटीत कंडक्टर होते. बरीच वर्षं नाशिक–हरसूल. गिरणारे, वाघेरा घाट, हरसूल. त्या रस्त्याला चढावर डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन झपाझप चालणाऱ्या पोरी ते रोज बघायचे. घरी येऊन सांगायचे, "आपली गाडी पहिल्या गिअरमध्ये धापा टाकते आणि त्या पोरींना दम लागत नाही." म्हणून जेव्हा त्याच बाजूची, सावरपाड्याची कविता राऊत दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत धावणार होती, ऑक्टोबर २०१० मध्ये, तेव्हा नानांनी त्या दिवसाची ड्यूटी बदलून घेतली. लग्नकार्याला न बदलणारा माणूस!

१० हजार मीटर. पंचवीस फेऱ्या. आमच्याकडे तेव्हा चौदा इंची टीव्ही, दूरदर्शन लावलेलं. आई पोळ्या लाटता लाटता दारात येऊन बघून जात होती. नाना जमिनीवर, अगदी टीव्हीसमोर, फेऱ्या बोटांवर मोजत. मध्ये बोललेलं चालणार नव्हतं. पुढे केनियाच्या दोघी आणि मागे आपली. सहा फेऱ्या उरल्या असतील आणि लाईट गेले. भारनियमन. त्या काळात सवयच होती, पण त्या दिवशी नानांच्या तोंडून जे निघालं ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

शेजारच्या काकांकडे इन्व्हर्टर होता. आम्ही पळत गेलो. त्यांनी आधी दुसरंच काही लावलं होतं, मग शोधाशोध, आणि चॅनल सापडलं तेव्हा शर्यत संपलेली. कविता कमरेवर हात ठेवून उभी. काका म्हणाले, "तिसरी! ब्राँझ मिळालं हो!" आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नानांनीही वाजवल्या. आणि मग विचारलं, "ते कळलं. पण धावली कशी?"

काकांना काय माहीत! रात्री बातम्यांत पदक दाखवलं, झेंडा दाखवला. राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला, हे सांगितलं. सगळं सांगितलं, त्या सहा फेऱ्या मात्र कुणी दाखवल्या नाहीत. नाना रात्री बारापर्यंत बसले होते.

ते "धावली कशी?" माझ्या कानातून आजही जात नाही. मला वाटतं आपल्याकडचा टीव्ही हा एकच प्रश्न कधी विचारत नाही. कितवा आला, किती कोटी मिळाले, कुणाबरोबर दिसला, कुणाला काय म्हणाला. खेळला कसा? त्याला वेळ नाही.

आणि हे फक्त गरीब खेळांचं नाही बरं का. क्रिकेटचंसुद्धा तेच केलंय. आशिया चषक आठवा, सप्टेंबर २०२५. पाकिस्तानच्या खेळाडूंशी हात मिळवला की नाही मिळवला, चषक कुणाच्या हातून घेतला नाही, यावर किती दिवस चार-चार खिडक्यांतून माणसं ओरडत होती! पहलगामची जखम मलाही आहे. त्यावर माझ्याशी कुणी वाद घालू नका, तो विषयच नाही. पण त्याच अंतिम सामन्यात १४७ धावा हव्या असताना आपले ३ बाद २० झाले होते आणि तिलक वर्मा शेवटपर्यंत नाबाद ६९ करून उभा राहिला. बावीस-तेवीस वर्षांचं पोरगं! त्या दडपणात त्याने कुठला चेंडू सोडला, कुठला मारला, कुणाला अंगावर घेतलं, यावर कुणी अर्धा तास दिला? मी शोधत होते. नाही मिळाला.

बरं, मान्य. वाहिन्यांनाही पोट आहे. पगार द्यायचे असतात, प्लायवूडवालाच पैसे देतो. झालं, मान्य केलं.

पण मला हे ऐकून ऐकून वीट आलाय की "लोकांना हेच बघायचं असतं." कुठल्या लोकांना? मला कुणी विचारलं नाही. तुम्हाला विचारलं का? तेहतीस मिनिटांची शर्यत कोण बघणार म्हणतात. मग बुद्धिबळ कसं बघितलं लोकांनी? दोन माणसं समोरासमोर बसून अर्धा-अर्धा तास हलत नाहीत, याहून संथ काय असतं? तरी एप्रिल २०२४ मध्ये आपला नाशिकचा विदित गुजराथी टोरांटोला कँडिडेट्स, म्हणजे जगज्जेत्याला आव्हान कोण देणार ते ठरवणारी स्पर्धा, खेळत होता तेव्हा माझा भाचा रोज मध्यरात्री मोबाईल घेऊन गच्चीत. डाव सुरूच व्हायचा आपल्या रात्री बाराला. दुसऱ्या दिवशी अकाउंट्सचा पेपर आणि हा रात्री तीनला आमच्या खोलीचं दार ठोठावतोय, "मावशी, विदितने नाकामुराला हरवलं!" नाकामुरा म्हणजे अमेरिकेचा मोठा बुद्धिबळपटू. पुढे त्याला दुसऱ्यांदाही हरवलं. आणि त्या पोराने मला सकाळी चहाच्या वेळी मिठाचा, साखरेचा डबा मांडून दाखवलं की उंट कसा देऊन टाकला आणि त्यामुळे राजा कसा उघडा पडला. मला प्यादं आणि वजीर एवढंच कळतं, पण मी बघत राहिले. कारण तो "कसा" सांगत होता. हे त्याला कुठल्या टीव्हीने नाही शिकवलं. यूट्यूबवर बसलेल्या, बुद्धिबळावर जीव असलेल्या माणसांनी शिकवलं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बुडापेस्टला आपल्या दोन्ही संघांना ऑलिंपियाडचं सुवर्ण मिळालं. विदित त्या संघात होता. टीव्हीवर काय आलं? मुलं झेंडा घेऊन चालतायत ते.

आणि दत्तू भोकनळ. हे नाव घेतलं की मला राग आणि रडू एकदमच येतं. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही. ज्या भागात प्यायच्या पाण्याची मारामार, तिथला मुलगा, वडिलांबरोबर विहिरी खोदलेला. सैन्यात गेला आणि तिथे होडी वल्हवायला शिकला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला नौकानयनात भारताचा एकटा तोच. तेरावा आला. आमच्या ऑफिसमध्ये एक गृहस्थ म्हणाले, "तेरावा म्हणजे काही नाही." मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. पण त्यांची तरी काय चूक? दोन किलोमीटर पाणी कापणं म्हणजे काय, मांड्यांना काय होतं, कुणी दाखवलंय का त्यांना? पुढे २०१८ ला जकार्ताला आशियाई स्पर्धेत आजारी असताना एकेरीच्या अंतिम फेरीत तो शेवटचा आला. आणि दुसऱ्याच दिवशी परत होडीत बसून चौघांच्या शर्यतीत सुवर्ण! एका दिवसात! शेवटचा आलेला माणूस रात्रभर काय विचार करत पडला असेल, सकाळी पुन्हा वल्हं कसं हातात घेतलं असेल, यावर महिनाभर बोलता आलं असतं. आपल्याकडे त्या दिवशी "दत्तूला सुवर्ण" ही पट्टी. सरकली. गेली.

नाशिक टीव्हीवर कधी दिसतं? लासलगावला कांदा पडला की. गंगापूर रोडला बिबट्या आला की. आणि आता कुंभ येतोय म्हणून. दाखवा ना, कांदा तर दाखवलाच पाहिजे, तो आमच्या पोटाचा प्रश्न आहे. पण स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसला ब्राँझ मिळवलं, खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या पदकानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं, तो पोरगा लहानपणी नेमबाजी शिकला ती इथल्या, नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत. शहरात किती जणांना माहीत आहे? आमच्या सोसायटीत मी विचारलं होतं. दोघांना.

आता थोडं शांत होऊन लिहिते, कारण मला चांगलंही आठवतंय.

२ नोव्हेंबर २०२५ ची रात्र. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. मी, सासूबाई, माझी मुलगी, खालच्या मजल्यावरच्या दोघी, आम्ही पाच जणी एका सोफ्यावर. शफाली वर्मा मूळ संघात नव्हती, प्रतिका रावलला दुखापत झाली म्हणून आयत्या वेळी आलेली, तिच्या ८७ धावा. दीप्ती शर्माचे पाच बळी. त्याआधी उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाचे ३३८ आणि जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७. आम्ही तो सामनाही पहिल्या चेंडूपासून बघितला होता, म्हणून ती रडली तेव्हा आम्हीही रडलो. ज्यांनी फक्त बातमी बघितली त्यांना ती का रडतेय हे कळलं नसणार. सासूबाई ७४ वर्षांच्या. त्यांना एलबीडब्ल्यू अजून समजत नाही, पण शेवटी हरमनप्रीतने झेल घेतला तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या. रात्री कॉलेज रोडला फटाके. मुलींच्या क्रिकेटसाठी फटाके!

हेच ना मग? सुरुवातीच्या कित्येक वर्षांत मुलींचे सामने बघायलाच मिळत नव्हते. "कोण बघणार" हे तेव्हाही म्हणत होतेच. दाखवले, नीट दाखवले, समजावून सांगितले आणि आज्यासुद्धा उठून उभ्या राहिल्या. माणसाला आधी बघायला मिळालं पाहिजे, प्रेम मग बसतं. हे मला एसटीच्या कंडक्टरने शिकवलंय.

नानांची राहिलेली गोष्ट सांगते. ते आता नाहीत. त्या सहा फेऱ्या त्यांनी शेवटपर्यंत बघितल्या नाहीत. पण शर्यतीनंतर आठवडाभर ते हरसूलच्या गाडीत तिकीट फाडता फाडता प्रत्येकाला विचारत होते, "तुम्ही बघितली का? सगळी?" कुणी म्हणे पेपरात वाचली, कुणी म्हणे आमच्याकडे लाईटच नव्हते. शेवटी वाघेऱ्याच्या अलीकडे एक गुरुजी चढले, पोटापाशी वह्यांचा गठ्ठा. त्यांनी बघितली होती. पूर्ण. नानांनी त्यांना आपल्या सीटवर बसवलं आणि स्वतः दांडा धरून उभे राहिले. घाट संपेपर्यंत गुरुजी एक-एक फेरी सांगत होते आणि मागची चार बाकं गप्प बसून ऐकत होती. एका थांब्याला नाना घंटी मारायला विसरले. ड्रायव्हरने ओरडून विचारलं तेव्हा म्हणाले, "थांब जरा, दोन फेऱ्या राहिल्यात."

त्या रात्री घरी आले ते खांद्यावरची चामडी बॅग न काढताच आईला हाक मारली. आणि पुढच्या खोलीत, पलंग आणि कपाटाच्या मध्ये जेवढी जागा होती तेवढ्यात, त्यांनी आम्हाला त्या सहा फेऱ्या करून दाखवल्या. मान कशी होती, हात कसे होते, शेवटच्या वळणावर तोंड कसं झालं होतं. गुरुजींनी सांगितलेलं, नानांनी न बघितलेलं, पण मला आजही कविताची शर्यत म्हटलं की ती खोली आणि खाकी कपड्यांतले माझे वडीलच दिसतात.

रात्रीचे साडेदहा झालेत. मुलगी विचारतेय अजून काय लिहितेस. मगाशी परत टीव्ही लावून बघितला, पट्टीवर दुसऱ्याच बातम्या आहेत. उद्याच्या पेपरात आतल्या पानावर येईल, आपले नाशिकचे पेपर एवढं करतात, फोटोही छापतात. तोपर्यंत धीर नाही म्हणून विचारते.

५ हजार मीटर, रौप्य, नाशिकची मुलगी. कुणाला नाव माहीत असेल तर खाली लिहा. तिच्या घरचं कुणी, तिच्या शाळेचं कुणी, मैदानावर सकाळी तिच्याबरोबर पळणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना ही पोस्ट दाखवा. आणि शर्यतीच्या वेळी तुमच्यापैकी कुणी तिथे हजर असेल तर मला फोन करा, कितीही वाजता. ती धावली कशी ते मला सगळं ऐकायचंय, पहिल्या फेरीपासून.